सरळव्याजाचीं उदाहरणें : अज्ञात राशि मांडून हिशेब तपासण्याची रीत

शेतीला जसें बीं लागतें तसें भांडवल लागतें. आणि पदरीं भांडवल नसेल तेव्हां तें व्याजानें आणावें लागतें. पेरणीच्या वेळीं घेतलेले रुपये सुगीला फेडणें हा आमच्या धंद्याचा स्वभावच आहे, व त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. कमीपणा असलाच तर तो एवढाच कीं, ज्या कागदावर आपण सही करितों त्यांतील आंकडे आपल्यास पडताळून पाहतां येऊं नयेत. या लेखांत सरळव्याजाचीं उदाहरणें बीजगणिताच्या साह्यानें कशीं सोडवावीं, हें क्रमाक्रमानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. वाचकांस बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार येत असले म्हणजे पुरे. याहून अधिक गणिताची येथें अपेक्षा नाहीं.

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जबाजारी शेतकऱ्यांचा दंगा झाला, व तो पुणें आणि त्या वेळचा अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. त्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. खतें व रोखे हस्तगत करून जाळून टाकावे, हाच बहुतेक ठिकाणीं हेतु होता. पुढें सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमिलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. कोर्टानें केवळ रोख्यावरचा आंकडा प्रमाण न मानतां मूळ देण्याघेण्याचा हिशेब पहिल्यापासून तपासावा, अशी तजवीज त्यांत होती. जें काम त्या कायद्यानें न्यायाधिशाकडे सोंपविलें, तेंच काम शेतकऱ्यानें सही करण्यापूर्वीं घरीं बसून करावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

परिभाषा

जी रक्कम कर्जाऊ घेतली तें मुद्दल. तिच्या वापराबद्दल द्यावयाचा जो मोबदला तें व्याज. शंभर रुपयांस ठराविक काळांत जें व्याज पडतें तो दर. जितका काळ पैसा वापरावयाचा ती मुदत. मुद्दल व व्याज मिळून होते ती रास. व्याज नेहमीं मुद्दलावरच आकारलें, व्याजावर पुन्हां व्याज चढविलें नाहीं, तर तें सरळव्याज होय. या लेखांत सर्वत्र सरळव्याजच समजावें. मूळ सूत्र एकच आहे :

व्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ १००

येथें एक सावधगिरी पाहिजे. दर सालाचा असेल तर मुदतही सालांत मांडावी. मुदत महिन्यांत मांडावयाची असेल तर १०० च्या ठिकाणीं १२०० नें भागावें. कागदोपत्रीं 'द. सा. द. शे. १२' असें लिहितात. त्याचा अर्थ दर सालास दर शेंकडा १२ रुपये. परंतु तोंडीं व्यवहारांत पुष्कळदां 'दोन टक्के' एवढेंच म्हणतात, आणि तो दर महिन्याचा असतो. दरमहा शेंकडा २ म्हणजे द. सा. द. शे. २४. 'दोन' हा आंकडा ऐकून तो बँकेच्या 'बारा' हून लहान वाटतो, पण वस्तुतः तो दुप्पट आहे. म्हणून दर ऐकतांच पहिला प्रश्न विचारावा : साल कीं महिना ?

रीत

मुद्दल, दर, मुदत व व्याज यांपैकीं तीन माहीत असलीं तर चौथें त्रैराशिकानेंही काढतां येतें. परंतु जेथें दोन रकमा एकमेकींत गुंतलेल्या असतात, किंवा मुद्दल म्हणून लिहिलेली रक्कम व हातीं आलेली रक्कम वेगळ्या असतात, तेथें त्रैराशिकाची वाट सांपडत नाहीं. अशा ठिकाणीं बीजगणित उपयोगी पडतें. त्याच्या पायऱ्या चार.

पहिली : जें काढावयाचें त्यास 'क्ष' हें नांव द्यावें. दुसरी : उदाहरणांतील इतर अज्ञात रकमा 'क्ष' च्याच भाषेंत लिहाव्या. तिसरी : उदाहरणांत कोणती रक्कम कोणत्या रकमेबरोबर आहे तें शोधून तेवढें समीकरण मांडावें. चौथी : समीकरण सोडवावें, आणि आलेलें उत्तर मूळ उदाहरणांत घालून पडताळा पाहावा. पडताळ्यावांचून उत्तर पुरें झालें असें समजूं नये.

अज्ञातास नांव देण्याची ही युक्ति परकी नाहीं. भास्कराचार्य अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जितकी असेल तितकी'. आणि थोडक्यांत 'या' एवढेंच अक्षर लिहीत. आपण त्या जागीं 'क्ष' लिहितों, इतकाच फरक.

उदाहरण १ लें : राशीवरून मुद्दल काढणें

हें उदाहरण भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील लीलावतींत आलेलें आहे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव यानें त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापन केला, असा शिलालेख आहे; तेव्हां हें उदाहरण खानदेशच्या भूमींत शेंकडों वर्षांपूर्वीं शिकविलें गेलें असावें. प्रश्न असा : दरमहा शेंकडा ५ या दरानें एका वर्षांत रास १००० झाली, तर मुद्दल किती व व्याज किती ?

मुद्दल क्ष मानूं. दरमहा ५ म्हणजे वर्षास शेंकडा ६०. म्हणून व्याज ६०क्ष ÷ १००. मुद्दल व व्याज मिळून १००० :

क्ष + ६०क्ष ÷ १०० = १०००
दोन्ही बाजू १०० नें गुणून, १६०क्ष = १,००,०००
क्ष = ६२५

मुद्दल ६२५ व व्याज ३७५. पडताळा : ६२५ चें शेंकडा ६० प्रमाणें व्याज ३७५, बेरीज १०००. लीलावतींतील उत्तर हेंच आहे.

ज्यांस 'क्ष' ची संवय नाहीं त्यांनीं इष्टकर्माची जुनी रीत वापरावी. मुद्दल १०० कल्पावें. त्याची रास १६० होते. मग १६० राशीस मुद्दल १००, तर १००० राशीस किती ? उत्तर ६२५ च येतें. परंतु पुढील उदाहरणांत कल्पनेपेक्षां समीकरण अधिक सोयीचें पडेल.

उदाहरण २ रें : दोन ठिकाणचें कर्ज

एका घरांत वडील वारले. त्यांच्या वहींत एवढेंच टिपलेलें सांपडलें कीं, सोसायटीचें पीककर्ज शेंकडा ७ नें व एका पतपेढीचें कर्ज शेंकडा १२ नें, मिळून १,८०,००० रुपये घेतले, आणि वर्षाचें एकंदर व्याज १५,६०० रुपये झालें. कोणाचें किती, हें मुलास जाणावयाचें आहे.

सोसायटीचें कर्ज क्ष मानूं. मग पतपेढीचें १,८०,००० − क्ष. दोन्ही व्याजांची बेरीज १५,६०० :

७क्ष ÷ १०० + १२ (१,८०,००० − क्ष) ÷ १०० = १५,६००
१०० नें गुणून, ७क्ष + २१,६०,००० − १२क्ष = १५,६०,०००
५क्ष = ६,००,०००
क्ष = १,२०,०००

सोसायटीचे १,२०,००० व पतपेढीचे ६०,००० रुपये. पडताळा : पहिल्याचें व्याज ८,४००, दुसऱ्याचें ७,२००, बेरीज १५,६००.

उत्तर आलें म्हणजे विचार संपला असें नाहीं. कापूस विकून त्या मुलाच्या हातीं ४०,००० रुपये आले, तर ते कोठें भरावे ? पतपेढींत भरल्यास वर्षाचें ४,८०० रुपये व्याज वांचतें, सोसायटींत भरल्यास २,८००. म्हणून सामान्यतः जड दराचें कर्ज आधीं फेडावें. परंतु पीककर्जाची मुदत पाहिल्यावांचून हा निर्णय करूं नये. केंद्र सरकारच्या व्याजसवलत योजनेंत पीककर्ज वेळेवर फेडणारास २०११–१२ पासून शेंकडा ३ ची सूट मिळत आली आहे. १,२०,००० रुपयांवर ती वर्षाची ३,६०० रुपये होते. मुदत टळून ही सूट बुडाली, तर पतपेढींत वांचविलेला फायदा त्यापुढें फिका पडेल. तेव्हां मुदत जवळ आली असेल व उरलेली रक्कम दुसऱ्या मालाच्या विक्रींतून उभी राहण्यासारखी असेल, तर ते ४०,००० रुपये सोसायटीसाठींच राखून ठेवावे.

उदाहरण ३ रें : आगाऊ कापलेलें व्याज

एका शेतकऱ्यानें आठ महिन्यांच्या मुदतीनें ५०,००० रुपयांचा रोखा लिहून दिला. दर दरमहा शेंकडा २. देणारानें आठ महिन्यांचें व्याज ८,००० रुपये आधींच कापून घेतलें व ४२,००० रुपये हातावर ठेविले. मुदतीअखेर ५०,००० रुपये भरावयाचे. खरा दर कोणता ?

वरवर पाहतां दर सालीना २४ दिसतो. परंतु ज्या रुपयांचा वापर झाला तें मुद्दल. आणि वापर ४२,००० चाच झाला, ५०,००० चा नव्हे. सालीना दर क्ष मानून :

४२,००० × क्ष × ८ ÷ १२०० = ८,०००
२८०क्ष = ८,०००
क्ष = २८ ४/७

म्हणजे खरा दर साडेअठ्ठावीसच्या किंचित वर आहे. दरांत कोणीं वाढ केली नाहीं. केवळ व्याज घेण्याची वेळ अलीकडे आणिली, आणि तेवढ्यानें शेंकडा साडेचार वाढले.

यांतच दुसरें एक नुकसान लपलेलें आहे. त्या शेतकऱ्यास ठिबकसंचासाठीं पुरे ५०,००० रुपये हवे होते. तेव्हां कागद कितीचा करावा लागेल ? कागदावरची रक्कम क्ष मानूं. त्यांतून शेंकडा १६ कापलें जाईल :

क्ष − १६क्ष ÷ १०० = ५०,०००
८४क्ष = ५०,००,०००
क्ष = ५९,५२४ (सुमारें)

पन्नास हजारांची गरज भागविण्यास साडेएकोणसाठ हजारांचा रोखा लिहून द्यावा लागला. म्हणून कर्ज घेतांना रोख्यावरची रक्कम व हातीं आलेली रक्कम या दोन वेगवेगळ्या ओळींत आपल्या वहींत लिहून ठेवाव्या. कागद करण्याचा खर्च, तपासणी फी वगैरे नांवांखालीं जें कापलें जातें तेंही याच रीतीनें दरांत धरावें.

उधारीची खरेदी हाही याच जातीचा व्यवहार आहे. खताची रोख किंमत ९,००० रुपये व सहा महिन्यांनीं द्यावयाची किंमत ९,९०० रुपये असेल, तर दुकानदार 'दहाच टक्के चढविले' असें म्हणेल. समीकरण मांडावें : ९,००० × क्ष × ६ ÷ १२०० = ९००; यांतून ४५क्ष = ९०० व क्ष = २०. दहा टक्के सहा महिन्यांचे होते. सालाचे वीस झाले.

उदाहरण ४ थें : हप्त्यांची फेड

एका शेतकऱ्यानें ६०,००० रुपयांचा पंप हप्त्यांवर घेतला. विक्रेत्यानें शेंकडा १० प्रमाणें वर्षाचें ६,००० रुपये व्याज मिळवून ६६,००० रुपये केले, व ५,५०० रुपयांचे बारा मासिक हप्ते ठरविले. येथें दर खरोखर १० च आहे काय ?

६०,००० रुपये वर्षभर वापरावयास मिळाले असते तर दर १० च झाला असता. परंतु दर महिन्यास मुद्दलापैकीं ५,००० रुपये परत जात आहेत. पहिल्या महिन्यांत ६०,००० वापरांत, दुसऱ्यांत ५५,०००, तिसऱ्यांत ५०,०००, आणि शेवटच्यांत अवघे ५,०००. मजुरीचा हिशेब आपण जसा माणसें व दिवस यांच्या गुणाकारानें करितों, तसाच येथें रुपये व महिने यांचा करावा. बाराही महिन्यांची बेरीज :

५,००० × (१२ + ११ + १० + … + १) = ५,००० × ७८ = ३,९०,०००

म्हणजे ३,९०,००० रुपये एक महिना वापरल्याइतका हा वापर झाला. सालीना दर क्ष मानून :

३,९०,००० × क्ष ÷ १२०० = ६,०००
३२५क्ष = ६,०००
क्ष = १८.४६

दहा म्हणून सांगितलेला दर साडेअठराच्या घरांत निघाला. बँकांच्या पद्धतीनें, म्हणजे प्रत्येक हप्त्यांतून आधीं त्या महिन्याचें व्याज वजा घालून, हाच हिशेब केल्यास दर अठराच्या जवळपास येतो. परंतु दहाच्या जवळ तो कोणत्याही पद्धतीनें येत नाहीं. हप्त्यांचा दर ऐकाल तेव्हां 'हा दर मूळ रकमेवर कीं उरलेल्या रकमेवर ?' हें विचारण्यास संकोच करूं नये.

उदाहरण ५ वें : मध्यंतरीं भरलेला वसूल

१,००,००० रुपये कर्ज, द. सा. द. शे. १२, मुदत एक वर्ष. सहा महिन्यांनीं शेतकऱ्यानें ४६,००० रुपये भरले. वर्षअखेर देणें किती ?

वसूल आधीं व्याजांत व उरेल तो मुद्दलांत जमा धरावा, ही रूढ रीत आहे. सहा महिन्यांचें व्याज ६,०००; तें वजा जातां ४०,००० मुद्दलांत जमा झाले व मुद्दल ६०,००० उरलें. त्यावर पुढील सहा महिन्यांचें व्याज ३,६००. वर्षअखेर देणें ६३,६०० रुपये.

आतां असें समजा कीं, देणारानें पुऱ्या लाखावर पुऱ्या वर्षाचें १२,००० व्याज धरून, १,१२,००० मधून ४६,००० वजा केले व ६६,००० रुपयांची मागणी केली. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, म्हणून वाचणाराच्या नजरेस कांहीं खटकत नाहीं. परंतु उरलेल्या मुद्दलावर पुढील सहा महिन्यांत कोणता दर पडला तें पाहूं :

६०,००० × क्ष × ६ ÷ १२०० = ६,०००
३००क्ष = ६,०००
क्ष = २०

कागदावर १२ लिहून दुसऱ्या सहामाहींत २० घेतले गेले, आणि २,४०० रुपये अधिक गेले. ही चूक दाखवून देण्यास वसुलाची तारीख हाच एक पुरावा. म्हणून पावती घेतल्यावांचून रुपया देऊं नये, आणि पावतीवर तारीख नसेल तर ती घालून घ्यावी. महाराष्ट्रांतील २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानें सावकारास परवाना घेणें, हिशेब ठेवणें व पावती देणें हीं बंधनें घातलेलीं आहेत. पावती मागणें हा ऋणकोचा हक्क आहे, तो मागतांना भिडेचें कारण नाहीं.

अभ्यासासाठीं उदाहरणें

(१) एकानें ज्येष्ठांत दोन क्विंटल बियाणें सवाईनें घेतलें, व पांच महिन्यांनीं अडीच क्विंटल परत केलें. धान्याचा भाव तोच राहिला असें धरून सालीना दर काढा.

(२) उसाच्या बिलाचे २,१०,००० रुपये एकानें दोन ठिकाणीं ठेविले. एके ठिकाणीं शेंकडा ६ व दुसऱ्या ठिकाणीं शेंकडा ८ व्याज. वर्षअखेर दोन्ही ठिकाणचें व्याज सारखेंच आलें. प्रत्येक ठिकाणीं किती ठेविले ?

(३) ३६,००० रुपयांची रास शेंकडा १० दरानें किती महिन्यांत ३८,७०० होईल ?

उत्तरें : (१) शेंकडा ६०. (२) १,२०,००० व ९०,००० रुपये. (३) ९ महिने.

पहिल्या उदाहरणाचें उत्तर पाहून कांहीं वाचकांस आपलें गणित चुकलें असें वाटेल. तें चुकलेलें नाहीं. 'सवाई' हा शब्द ऐकण्यास सौम्य आहे. पण मुदत पांच महिन्यांची असल्यानें वर्षाचा हिशेब साठावर जातो. वाचकांनीं आपल्या घरचे चालू रोखे, पासबुकें व हप्त्यांचे कागद एकदां समोर घेऊन, प्रत्येकाचा खरा दर वरील रीतीनें काढून वहींत एका पानावर उतरावा, आणि मुलांकडून पडताळा करवून घ्यावा. ज्याचा दर सर्वांत जड निघेल तें कर्ज, मुदती व सवलती पाहून, येत्या सुगींत आधीं फेडावें.